आर्बेनलिका खिंडीच्या घंटेचे उरलेले दोन ठोके

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
खिंडमार्ग व आसरे विभाग,
खोरे कचेरी, ब्रुनाउ.

अर्जदार : श्रीमती फिलोमेना क्विरिन इमसांड, वय ७४ वर्षे, रखवालदार, माथ्यावरील आसरा, आर्बेनलिका खिंड (उंची २,४६० मीटर), मूळ गाव ओबरमात.

विषय : धुक्याच्या घंटेवर दि. २४ सप्टेंबर रोजी नियमाबाहेर वाजवलेल्या दोन ठोक्यांस कार्योत्तर मंजुरी मिळण्याबाबत. तसेच त्या दिवशी आपल्या विभागाची किती माणसे खिंडीकडे निघाली होती, हे लेखी कळवण्याबाबत.

संदर्भ : १) घंटा उतरवण्याबाबतचे आपले पत्र, दि. २५ ऑगस्ट २०१४.
२) अर्जदाराचे पूर्वीचे चार अर्ज, सन १९६४, १९७८, १९९१ व २००३.
३) आसऱ्याची नोंदवही क्र. ७, पान ११२.

महोदय,

१. आपल्या पत्राने अर्जदारास कळवण्यात आले की, डोंगराच्या पोटातून बोगदा निघून एकोणीस वर्षे झाली. खिंडीतून पायी जाणारा वाटसरू आता उरला नाही. पलीकडच्या अंगाचा सान कार्लोचा आसरा केव्हाच बंद झाला. सबब इथल्या धुक्याच्या घंटेचे काम संपले असून ती ब्रुनाउच्या संग्रहालयात काचेमागे ठेवण्यात यावी. त्याप्रमाणे १ सप्टेंबर रोजी आपल्या माणसाने येऊन घंटेचा लोलक तारेने बांधला व तारेला शिशाची मोहोर लावली. अर्जदाराने पोचपावतीवर सही केली. जाताना त्या माणसाने घंटेवर हात फिरवून "हिला खाली ऊब मिळेल बघा आजी, म्हातारपणी बरं असतं," असे म्हटले. त्याचा हेतू चांगला होता. परंतु घंटेचे काम संपले, हे आपल्या पत्रातील विधान २४ सप्टेंबरच्या दुपारपर्यंत तरी खरे नव्हते. त्यानंतर ते खरे झाले की नाही, एवढेच विचारण्यासाठी हा अर्ज आहे.

२. कचेरीत आता सगळी नवी माणसे आहेत, म्हणून काम कसे चालत असे ते थोडक्यात लिहिते. खिंडीत धुके उतरले की आपलाच हात आपल्याला परका होतो. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला घसरत्या दगडांचा उतार. माणूस चालतो तो घंटेवर कान ठेवून. सान कार्लोहून टोळी निघाली की तिथला रखवालदार बत्तिस्ता टेलिफोनची कळ फिरवी आणि आकडा सांगे. "काय गं मेना, जागी आहेस की शेगडीला टेकून घोरतेयस? पाच निघाले. नीट मोजून घे, मागच्या खेपेला एक जास्त दिला होता तो परत केला नाहीस!" ही त्याची ठरलेली थट्टा. मग अर्जदार दारासमोरच्या दगडी कमानीखाली उभी राहून दोर ओढी. धुक्यातून एकेक जण तिच्या अंगावरून आत जाई, ती मोजी, आकडा भरला की थांबे. नियम ९ अन्वये मोजणी पुरी झाल्यावर एकही ठोका वाजवायचा नाही, कारण नसता ठोका ऐकून खालच्या गावातली माणसे शोधायला निघतात आणि तीच हरवतात. शिवाय जुन्या रखवालदारांचा एक रिवाज होता. तो नियमांत लिहिलेला नाही, पण नियमांहून पक्का. धुक्यातून आलेल्याला आधी मोजावे, मग शेकावे, मग खाऊ घालावे. नाव विचारू नये. ज्याला नाव सांगायचे तो पोट भरल्यावर सांगतो. ज्याला सांगायचे नाही त्याला ते जड झालेले असते.

३. दि. १७ ऑक्टोबर १९६२ रोजी अर्जदार बावीस वर्षांची होती व घंटेच्या कामावर लागून तिला तीन महिने झाले होते. दुपारी एकच्या सुमारास बत्तिस्ताने कळवले, "चार निघाले. धरणाच्या कामावरचे गवंडी. त्यातला एक सकाळपासून रडतोय, बायकोला ताप आहे, परत जातो म्हणून. पण निघाला बाबा चौघांत." अर्जदाराने दोर धरला. पहिला अडीच वाजता आला, दुसरा त्याच्या पाठोपाठ, तिसरा तीन वाजून गेल्यावर. मग पुष्कळ वेळ कोणी नाही. चौथा चार वाजून दहा मिनिटांनी आला. तो वाटेच्या बाजूने न येता कड्याच्या बाजूने आला. पण धुक्याला बाजू नसते. अर्जदाराने "चार" असे मोजले आणि दोर सोडला. हात इतके बधिर झाले होते की दोर सुटताना तिला बरे वाटले. हे वाक्य तिने यापूर्वीच्या एकाही अर्जात लिहिलेले नव्हते.

४. आत शेगडीपाशी बसलेल्या तिघांनी घंटा थांबल्याचे ऐकले. त्यांना वाटले, चौथा सोबती वाटेतून माघारी फिरला आणि तसा निरोप रखवालदारणीला आला, म्हणूनच तर ती थांबली. "गेला वाटतं बायकोच्या कुशीत. सुटला लेकाचा!" असे एक जण म्हणाला आणि तिघे हसले. कड्याकडून आलेला माणूस त्यांना आसऱ्याच्या घरचाच कोणी वाटला. अर्जदाराला तो त्यांच्यातला वाटला. बत्तिस्ताला काहीच वाटले नाही, कारण "चार पोचले" असे अर्जदारानेच त्याला टेलिफोनवरून सांगितले होते. ज्याने त्याने दुसऱ्यावर भरवसा ठेवला, आणि त्या भरवशाला मधोमध एका माणसाएवढे भोक पडले. नोंदवहीत मात्र भोक नाही. पान ११२ वर अर्जदाराच्या अक्षरात स्वच्छ लिहिलेले आहे : चार निघाले, चार पोचले.

५. पुढच्या जूनच्या अकरा तारखेला बर्फ ओसरल्यावर एर्मिनिओ नावाचा गवंडी, वय ३१, उतारावर एका दगडावर बसलेला सापडला. पंचनाम्यानुसार घंटेपासून अंतर दोनशे दहा पावले. तोंड घंटेकडे. टोपी डोक्यावर नव्हती, मांडीवर होती. पंचनामा करणारे गृहस्थ म्हणाले की, गारठून मरणाऱ्याला शेवटी उकडल्यासारखे होते, म्हणून त्याने ती काढली असावी. अर्जदारास हे पटले नाही. त्या टोपीला लोकरीचे कानपट्टे होते. घंटा थांबली की आपल्यालाच ऐकू येईनासे झाले, हे न कळून त्याने कान उघडे केले, असे अर्जदाराचे म्हणणे आहे. हे म्हणणे पंचनाम्यात घेतलेले नाही. त्याला सान कार्लोच्या दफनभूमीत पुरले. बायको तापातून उठली होती. तिने अर्जदाराला एकच विचारले, "पोरी, तू थांबलीस तेव्हा किती वाजले होते?" अर्जदाराने वेळ सांगितली. ती म्हणाली, "तेव्हा मी त्याच्यासाठी पाणी तापत ठेवलं होतं," आणि गेली.

६. चौथा म्हणून मोजला गेलेला माणूस क्विरिन इमसांड. शिकारबंदीच्या दिवसांत रानबकरा मारून कड्याने उतरत होता. पिशवीत मांस, म्हणून तोंडात मूग. "तू नाव विचारलं असतंस तर मी दारातूनच धूम ठोकली असती," असे तो पुढे सांगे. १९६४ साली अर्जदाराने त्याच्याशी लग्न केले. ओबरमातच्या बायका म्हणाल्या, "आम्ही नवरे शोधतो उजेडात, मेनानं आपला धुक्यातून उचलला." पन्नास वर्षांचा संसार झाला, मूलबाळ नाही. माणूस मऊ होता. पण शेगडीजवळ बाकावरची जी जागा त्या दिवशी त्याला दिली होती, तिथे तो पुन्हा कधी बसला नाही. जेवायला वाढले की क्षणभर हात मागे घेऊन थांबे. अर्जदाराने एकदा रागाने विचारले, "कोणाची वाट बघता?" तर म्हणाला, "मी दुसऱ्याच्या आकड्यावर आत आलोय गं. त्याच्या वाटणीचं गरम खातोय. जरा विचारून खावं म्हणतो."

७. नोंदवहीतील चूक दुरुस्त व्हावी, 'चार निघाले, तीन पोचले, एक बाहेर' अशी नोंद व्हावी, म्हणून अर्जदाराने चार वेळा अर्ज केले. पहिल्याला उत्तर आले की बंद झालेल्या वर्षाच्या वहीत खाडाखोड करता येत नाही. दुसऱ्याला, की अर्जदार मयताची नातेवाईक आहे काय, नसल्यास तिचा संबंध काय, हे विहित नमुन्यात स्पष्ट करावे. अर्जदार तो नमुना घेऊन एक हिवाळाभर बसली. 'संबंध' या रकान्यात काय लिहावे ते सुचले नाही. तिसऱ्याला उत्तर आले की, आकडे जुळत असल्याने तक्रारीचे कारण दिसून येत नाही. चौथ्याच्या वेळी आपल्या कचेरीतील एका लिपिकाने टेलिफोन केला. पोरगेलसा आवाज होता, पण प्रेमळ. "आजी, तुम्ही पावलांचं लिहिलंय. ही पावलं मी कुठल्या रकान्यात घालू? वाहतुकीत की हवामानात?" अर्जदार म्हणाली, "बाळा, थकबाकीत घाल." तो हसला. नंतर काही झाले नाही.

८. पावलांबाबत खुलासा करणे आता भाग आहे. नियम ४ अन्वये दरवर्षी हंगामातील पहिल्या धुक्याच्या दिवशी घंटेची चाचणी म्हणून चार ठोके वाजवावयाचे असतात. ते कोणासाठी नसतात. त्या वेळी वाटेवर कोणी नसते. सन १९६३ च्या जूनमध्ये, एर्मिनिओला पुरल्यानंतर आठवड्याने, अर्जदाराने असे चार ठोके वाजवले, आणि उतारावर दगड वाजले. एका ठोक्याला एक पाऊल, अशी चार. घंटा थांबली, पावले थांबली. क्विरिन लग्नाआधीपासूनच आसऱ्यावर येई. तो दारात उभा होता, त्यानेही ऐकले. धुके गेल्यावर दोघे पाहून आले. कोणी नव्हते. जिथे शेवटचा आवाज झाला होता तिथे क्विरिनने चुन्याने रंगवलेला एक दगड ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा चार ठोके, पुन्हा चार पावले, तिथूनच पुढे. वाटसरूंसाठी घंटा तासन्‌तास वाजे तेव्हा मात्र एकही पाऊल हलत नसे. एर्मिनिओचे सोबती म्हणत, फार भिडस्त होता. दुसऱ्याला वाढलेल्या ताटाकडे बघायचासुद्धा नाही. दुसऱ्यांच्या ठोक्यांवर तो येत नसे. जे ठोके कोणाच्या मोजणीत नाहीत, तेवढेच तो आपले मानी.

९. जास्त ठोके का वाजवले नाहीत, असे आपण विचाराल. क्विरिनही विचारी. "मेना, वाजव की दहा-वीस! कोण बघायला बसलंय?" पण अर्जदाराने एकदा घंटा आपल्या मताने थांबवली होती, ती आपल्या मताने वाजवायची हिंमत तिला झाली नाही. खिंडीत खोट्या ठोक्यामागे गेलेल्या दोन माणसांची नावे ओबरमातच्या चर्चच्या भिंतीवर आहेत, ती तिने लहानपणापासून वाचलेली आहेत. म्हणून दरवर्षी चार. दोर ओढताना ती जुने रखवालदार म्हणत ते म्हणे. कचेरीच्या कागदात गाणे घालू नये हे अर्जदारास माहीत आहे, पण पुढे ते कुठे लिहून ठेवलेले सापडणार नाही :

पहिला गं ठोका, वाटंच्या दगडा,
दुसरा तो ठोका, थकल्या पायां,
तिसरा गं ठोका, मागं जो राहिला,
त्याच्या गं आईला, नीज यावी.

चौथ्या ठोक्याला शब्द नाहीत. तो ऐकायचा असतो.

१०. सन १९६३ ते २०१४ अशी बावन्न वर्षे, दरसाल चार, एकूण दोनशे आठ. पंचनाम्याप्रमाणे दोनशे दहा. म्हणजे दोन उरतात. यंदाचा पांढरा दगड दाराजवळच्या सरपणाच्या ढिगापाशी आला आहे. तो ठेवायला क्विरिन नव्हता. तो मार्चमध्ये गेला. आमच्याकडे घरात माणूस जायला लागला की भिंतीतली जिवाची खिडकी उघडतात, वीतभर चौकोन, एरवी फळीने बुजवलेला. जीव बाहेर पडला की फळी परत ठोकतात. शुद्ध होती तेव्हा तो म्हणाला, "फळी लगेच लाव बरं का. मी जाईन तिथनं. पण आत यायचा आहे त्यानं दारानंच यावं, चोरासारखं नको. आणि बाकावरची जागा पुसून ठेव, ती माझी नव्हतीच." अर्जदाराने दोन्ही केले. उरलेले दोन ठोके पुढच्या जूनमध्ये रीतसर वाजले असते. तेवढ्यात आपले पत्र आले आणि मोहोर लागली.

११. दि. २४ सप्टेंबर रोजी दुपारी दोन वाजता आपले मुकादम श्री. बेनेडिक्ट यांचा खालच्या वळणावरून टेलिफोन आला. "आजी, गाडी इथंच ठेवलीय, नाकाच्या पुढं काही दिसत नाही. आम्ही तिघं चालत निघालो. चौथा अवजारं काढतोय, आला मागनं तर आला, नाहीतर बसेल गाडीत झोपा काढत. शेगडी पेटती ठेवा म्हणजे झालं." टेलिफोन ठेवल्यावर अर्जदाराच्या ध्यानात आले की, कितीतरी वर्षांनी या खिंडीत कोणी आकडा दिला, आणि तोही धड दिला नाही.

१२. मोहोर म्हणते, वाजवू नये. नियम १ म्हणतो, धुक्यात माणूस निघाल्याची वर्दी आली की वाजवावी. अर्जदाराने मोहोर तोडली. तुटलेले शिसे सोबत जोडले आहे. तीन वाजता पहिला आला, मागोमाग दुसरा, मग मुकादम स्वतः. ते म्हणाले, "अहो, हिला न्यायला आलोय आम्ही, आणि तुम्ही हिच्याकडूनच आमचं स्वागत करवताय होय!" अर्जदाराने त्यांना ओले कपडे बदलायला मागच्या खोलीत पाठवले. आकडा तीन. दोर हातात. चौथा गाडीत असेल तर नियम ९ अन्वये थांबायला हवे होते. निघाला असेल तर थांबता कामा नये होते. अर्जदार बावन्न वर्षांपूर्वी अशीच उभी होती आणि थांबली होती.

मी थांबले नाही. मी दोन ठोके वाजवले. ते आत गेलेल्या तिघांचे नव्हते. आपल्या चौथ्या माणसाचेही नव्हते, हे मी खोटे बोलून लपवणार नाही. ते कोणाचे आहेत हे दोर ओढताना मला माहीत होते, म्हणून ते नियमबाह्य आहेत, आणि म्हणून मंजुरी मागत आहे.

दुसऱ्या ठोक्याचा घुमारा अजून हवेत होता. सरपणाच्या ढिगापाशी एक पाऊल वाजले. मग दुसरे. मग कोणी माझ्या अंगावरून आत गेले. कोट भिजलेला होता. त्याचा ओलावा माझ्या मनगटाला लागला. "उशीर झाला," तो म्हणाला, खिंडीपलीकडच्या बोलीत. आपल्या विभागात पलीकडचे पुष्कळ कामगार आहेत, हे मला ठाऊक आहे. मी म्हटले, "होतो उशीर. आत जा, शेगडी आहे." आणि मोजले, चार. मोठ्याने मोजले.

१३. तो शेगडीजवळच्या पुसलेल्या जागेवर बसला. मी जवाचे सूप वाढले, काळा पाव ठेवला. वाटी त्याने दोन्ही हातांनी धरली, गारठलेली माणसे धरतात तशी. मी तोंडाकडे पाहिले नाही, पाहायचे नसते. नाव विचारले नाही. विचारावेसे वाटले नाही असे नाही. जन्मभरात तेवढी एकच गोष्ट विचारायची होती. पण रिवाज मोडून उत्तर मिळाले असते तर ते मला खरे वाटले नसते. आणि मला पुन्हा बाहेर जायचे होते. कारण हा जर तो असेल, तर आपला चौथा माणूस कदाचित अजून धुक्यात होता, आणि 'चार' या आकड्यावर मी एकदा विसंबले आहे. म्हणून मी परत दोर धरला आणि धुके फाटेपर्यंत, साडेसहापर्यंत, वाजवत राहिले. मुकादम दोनदा बाहेर आले.

"आजी, पुरे की हो! कान गेले आमचे. सगळे आलेत!"

"किती आलेत?"

"सगळे म्हणजे सगळे!"

"तुमचा चौथा?"

"तो कसला येतोय ऐदी! आणि आला असेल तर आला असेल. आम्ही कपडे वाळवत होतो, दाराकडं कोण बघतंय?"

'सगळे' हा आकडा नव्हे, असे मी त्यांना सांगितले. ते मान हलवत आत गेले.

१४. धुके गेल्यावर अर्जदार कंदील न घेता, उजेड होता तोवर, माथ्यापासून वळणाच्या अलीकडपर्यंतचा सगळा उतार पाहून आली. बाहेर कोणी राहिलेले नाही, हे ती शपथेवर लिहून देते. परत आली तेव्हा बाकावर कोणी नव्हते. जागा ओली होती. वाटी रिकामी, पावाच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतलेली. तिघांपैकी कोणी ते खाल्ले काय, असे विचारता तिघेही "मी नाही" म्हणाले. पण तिघेही हसत होते, त्यामुळे हा पुरावा धरता येत नाही. कमानीचे खिळे गंजल्यामुळे घंटा त्या दिवशी निघाली नाही. ३ ऑक्टोबरला तेल घेऊन येतो, असे सांगून ते उतरले. वळणावर गाडीत चौथा झोपलेला होता, की खाऊन त्यांच्या आधी एकटाच खाली गेला होता, की तो त्या दिवशी ब्रुनाउहून निघालाच नव्हता, हे अर्जदारास वरून दिसले नाही.

१५. सबब नम्र विनंती अशी की :

(अ) सदर दोन ठोक्यांस कार्योत्तर मंजुरी द्यावी. मोहोर तोडल्याबद्दल जी शिक्षा असेल ती अर्जदारास मान्य आहे.

(आ) आपला चौथा माणूस त्या दुपारी आसऱ्यापर्यंत चढून आला होता किंवा नाही, हे त्याला स्वतःला विचारून ३ ऑक्टोबरपूर्वी लेखी कळवावे. टेलिफोनवर कळवू नये. तोंडी उत्तर देताना माणसे दया करतात.

(इ) तो आला असेल, सूप त्यानेच खाल्ले असेल, तर वाईट वाटण्याचे कारण नाही. भुकेला होता, खाल्ले, चांगले झाले. मात्र मग ते दोन ठोके त्याच्या कामी आले, आणि ज्याचे होते त्याला अजून द्यायचे आहेत. तेव्हा घंटा पुढच्या जूनमधील पहिल्या धुक्यापर्यंत जागेवर राहू द्यावी. त्याहून एक दिवसही जास्त अर्जदार मागत नाही.

(ई) आणि तो गाडीतून उतरलाच नसेल, तर घंटा खुशाल न्यावी. अर्जदाराची हरकत नाही. खिळ्यांना तेल ती आजच लावून ठेवते. त्या परिस्थितीत १९६४, १९७८, १९९१ व २००३ चे चारही अर्ज मी मागे घेते. नोंदवही क्र. ७, पान ११२ मध्ये काहीही दुरुस्त करू नये. चार निघाले, चार पोचले. नोंद बरोबर आहे.

उत्तर येईपर्यंत दार ओढून घेतले जाणार नाही, हे कळावे.

आपली नम्र,
फिलोमेना इमसांड
रखवालदार

आर्बेनलिका खिंड,
दि. २६ सप्टेंबर २०१४

सोबत :
१) शिशाची तुटलेली मोहोर, एक.
२) नोंदवही क्र. ७, पान ११२ ची नक्कल.
३) बावन्न पांढऱ्या दगडांचा नकाशा, क्विरिन इमसांड यांच्या हातचा, शेवटचा दगड अर्जदाराने काढलेला.
४) वाटी व चमचा, प्रत्येकी एक. पाठवता येत नाहीत. दोन्ही धुतलेली नाहीत, आपले पत्र आले की धुईन.